लालपेन्सिलबाई आणि आमचा पेला

"खाली ठेव तो पेला! शम्या, खाली ठेव म्हणते ना!"

चर्चमध्ये प्रभुभोजन चाललेलं. मंडळीत अशी शांतता, की भिंतीवरची पाल शिंकली असती तरी पाळकसाहेब 'आमेन' म्हणाले असते. मे महिन्यातला रविवार, बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आणि मी वडिलांचा काळा लोकरी कोट अंगात चढवून, दोन्ही हातांत पेला धरून, आतल्या आत उकडत उभा. एवढ्यात तिसऱ्या बाकावरून हा आवाज. माझा धंदा साउंड-सर्व्हिसचा. लग्नातले डीजे, निवडणुकीचे भोंगे, सगळं माझ्या हाताखालून गेलंय. पण वायर नाही, वीज नाही, आणि एवढा आवाज काढणारं यंत्र मी दुसरं पाहिलं नाही. खिडकीतली कबुतरं उडाली ती म्हणे थेट अक्कलकोट रोडला जाऊन बसली.

"सातबाऱ्यावर वारस लागतो रे, पेल्यावर लागत नाही!" लालपेन्सिलबाई बाक धरून उभ्या राहिल्या होत्या. "तिला सोडून पुढं कसा आलास?"

तिला म्हणजे मायाक्काला. सहा शेळ्या पाळून दूध विकणारी बाई, मागच्याच रविवारी बाप्तिस्मा झालेला. आता आमच्या मंडळीची पद्धत अशी, की पुढचे तीन बाक जुन्या घराण्यांचे. कोरोनानंतर मागच्या बाकांना द्राक्षरस मिळायचा तो प्लास्टिकच्या इवल्याशा कपांतून, आरोग्याच्या कारणासाठी. पुढच्या तीन बाकांना मात्र पेलाच. आमच्या तीन बाकांना कसला रोग होत नाही, ही आमची श्रद्धा. आणि या दिवशी बाईंनी मायाक्काला मुद्दाम आपल्या शेजारी, तिसऱ्या बाकावर बसवलेलं. मी तिच्यापाशी आलो. तिनं हात पुढं केले. माझे हात थांबले. मी मागून ट्रे मागवला, तिच्या हातावर एक प्लास्टिकचा कप ठेवला, आणि पेला घेऊन पुढच्या माणसाकडं वळलो. पुढचं माणूस म्हणजे बाई.

"बाई, आरोग्याचं कारण आहे," मी हळूच म्हणालो.

"कुणाच्या आरोग्याचं? तिच्या शेळ्यांच्या?"

पाळकसाहेब भांबावले आणि त्यांनी घाईघाईनं गीत सुरू केलं. नाताळचं. मे महिन्यात. सगळी मंडळी घाम पुसत पुसत थंडीच्या रात्रीचं गीत गायली, आणि बाईंनी पेल्याकडं पाठ फिरवली.

या बाईंवर माझं कधी प्रेम नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी बाईंच्या हाताखाली दृढीकरणाचा, म्हणजे पोरांच्या धर्मशिक्षणाचा, वर्ग केलेला नसतो. बाई मुलींच्या शाळेत चाळीस वर्षं शिक्षिका, लग्न केलं नाही, मिशनच्या जुन्या बंगल्यामागच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. उंची साडेचार फूट, त्यातला चार फूट आवाज. वय विचारायची हिंमत कुणात नव्हती. त्यांच्या विद्यार्थिनी आज्या झाल्या, तरी रस्त्यात बाई दिसल्या की त्या आज्या पदर सावरून सरळ उभ्या राहायच्या.

लालपेन्सिलबाई हे नाव आमच्याच पिढीनं ठेवलेलं. बाईंच्या पिशवीत लाल पेन्सिल कायम टोक काढलेली. प्रवचन सुरू झालं की ती बाहेर यायची. उपासनेच्या कागदाच्या मागे बाई प्रवचन तपासायच्या, आणि शेवटी दारात पाळकसाहेब हात मिळवायला उभे असले की त्यांच्या हातात तो कागद द्यायच्या. दहापैकी मार्क, खाली शेरा. 'पुन्हा लिहा.' 'पाठांतर बरे, समज कच्ची.' तीन पाळकांनी या पेन्सिलीपायी बदली मागून घेतली. एक तर म्हणे थेट केरळात गेला, तिथं मराठी कुणाला वाचता येत नाही म्हणून. एकदा बाहेरून सगळ्या मंडळ्यांचे मोठे अध्यक्षसाहेब आले. त्यांना चार मिळाले. बिचारे सज्जन, हसून म्हणाले, "बाई, सहा कुठं गेले?"

"एकाच चुकीचे गेले. सहा वेळा केलीत. सहा वेळा 'पवित्र' म्हणालात आणि सहाही वेळा तुमच्या मनात 'सोवळं' होतं."

अध्यक्षसाहेबांना ड्रायव्हरनं गाडीत बसवलं. ते स्वतः बसण्याच्या परिस्थितीत नव्हते.

ही पवित्रपणाची शिकवण बाईंनी आम्हाला तेराव्या वर्षी दिलेली. वर्गात आल्या, टेबलावर मूठभर शाळू ठेवला. म्हणाल्या, "घरात शाळू किती आहे, शम्या?"

"दोन पोती."

"बियाण्याचा कुठं आहे?"

"मडक्यात. राख लावून वेगळा ठेवलाय."

"भूक लागली की त्याची भाकरी करता?"

"आई हात तोडेल."

"बरोबर. आता सांग, ते बियाणं बाकीच्या शाळूपेक्षा गोड असतं? त्याला देवानं वरून रंग दिलाय?" मी नाही म्हणालो. "त्याच पोत्यातलं असतं. किडकंही असतं थोडं. फक्त बाजूला काढलेलं. पहिल्या शिष्यांच्या तोंडी 'पवित्र' म्हणजे एवढंच, बाजूला काढलेलं. आणि बाजूला काढलेलं मखरात बसवायला नव्हे. चिखलात गाडायला."

मी तेव्हापासूनच आगाऊ. म्हणालो, "बाई, पेरल्यावर पाखरांनी खाल्लं तर?"

बाईंनी माझा कान धरला आणि पिळला. तो तेव्हापासून दुसऱ्यापेक्षा अर्धा इंच लांब आहे, कुणीही मोजून पाहावं. "तर पाखरं जगतील," म्हणाल्या. "तुला त्याचं काय दुःख?"

आमच्या पंचांच्या सभेत भांडण झालं नाही असा महिना नाही. खुर्च्यांवरून, पंख्यावरून, कबरस्तानाच्या फाटकाच्या रंगावरून. एकदा दोन पंच एकमेकांच्या अंगावर धावून गेले. बाई मधे उभ्या राहिल्या. वाटलं, आता शापवाणी होणार. बाई म्हणाल्या, "चालू द्या. बायबलात प्रेषितानं ज्या मंडळीला एवढं लांब पत्र लिहिलं ना, ती अशीच होती. भाऊ भावाला कोर्टात ओढायचा. प्रभुभोजनाला पैसेवाले आधी यायचे, खाऊन पिऊन झिंगायचे, हमाल कामावरून येईपर्यंत ताटं रिकामी. आणि पत्राचा मायना काय? 'पवित्र जनांस.' टोमणा म्हणून नाही, खरोखर." मग त्यांनी आम्हा सगळ्यांवरून एक नजर फिरवली. "म्हणून तुमच्याबद्दलही मला आशा आहे. फार नाही."

आता पेल्याचं सांगतो, कारण सगळं भांडण त्याचंच. दोन कानांचा, वीतभर उंच पेला. आमच्या घरात सांगायचे, चांदीचा आहे. बाई म्हणायच्या, पितळ आहे, मुलामा दिलाय. पहिली मंडळी बसली तेव्हा गोऱ्या साहेबानं तो आणला, आणि त्यातून पहिला घोट घेतला तो आमच्या पणजोबांनी. ज्यांच्या हाताचं पाणी गाव पीत नव्हतं अशा घरातला माणूस, पण त्या दिवशी छाती काढून सगळ्यांच्या पुढं गेला. ही गोष्ट मी किमान चारशे वेळा सांगितली असेल. मी सांगताना पणजोबा एका दमात अर्धा पेला रिकामा करायचे आणि आश्चर्यानं साहेबाची टोपी पडायची. तेव्हापासून आमच्या घराचा पहिला घोट. पेल्याचा मुक्काम आमच्या घरी, भिंतीतल्या कपाटात, मखमली कापडात. पणजोबांकडून आजोबांकडे, आजोबांकडून वडिलांकडे. एप्रिलात वडील गेले आणि मे महिन्यात पेला माझ्या हातात आला. पंचांनी ठराव वगैरे काही केला नाही. सूर्य उगवायचा कुणी ठराव करतं का?

आणि पेला धुणं म्हणजे काय सोहळा! प्रभुभोजन झालं की आई परत अंघोळ करायची. धुतलेलं लुगडं नेसायची. पेल्यासाठी वेगळं घमेलं, त्याला इतर भांडं शिवायचं नाही. आम्ही पोरं जवळ गेलो तर ओरडायची, "लांब, लांब!" धुतलेलं पाणी मोरीत नाही, अंगणातल्या डाळिंबाला. ते डाळिंब आम्ही घराबाहेर कुणाला द्यायचो नाही. त्याचा एकेक दाणा बोराएवढा व्हायचा असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे त्याला फळं फार धरत नसत. एकदा बाई वडिलांकडं काही कामानं आल्या असता त्यांनी हा सगळा प्रकार पाहिला. दारातच उभ्या राहिल्या.

"तुझ्या आज्यासाठी लोकांनी सोवळं सोडलं," त्या वडिलांना म्हणाल्या, "आणि तुम्ही ते उचलून पितळेच्या भांड्याला नेसवलंत."

वडील चार दिवस जेवले नाहीत. मी जेवलो, पण रागानं.

मायाक्का सांगोल्याकडच्या कोरड्या भागातली, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली. नवरा गेल्यावर शेळ्या घेऊन शहरात आली आणि बंगल्यामागच्या पडक्या शेडात राहायला लागली. रविवारी गाणं चाललं की दाराशी येऊन बसायची. कुणालाही वाटेल, बाई तिला हाताला धरून आत नेतील. छे! बाईंनी दोन वर्षं तिला पळवून लावायचा प्रयत्न केला. मी स्वतः ऐकलंय.

"कशाला येतेस? तुझे तुला देव नाहीत?"

"हाईत की."

"मग? इथं कुणी धान्य देणार नाही, पोरगी उजवून देणार नाही. आणि इथली माणसं फार वाईट आहेत."

"व्हय, बगितली की."

"तरी येतेस?"

"माणसांसाटी कुटं येतीया?"

बाईंनी तिला आत घेतलं ते या उत्तरावर. मी तर म्हणतो, अख्ख्या आयुष्यात बाईंनी दहापैकी दहा कुणाला दिले असतील तर तिला.

तर त्या मे महिन्याच्या रविवारनंतर पंचांची सभा भरली. पंच पाच, एक मी, दोन माझे चुलतभाऊ. निर्णय काय लागला हे सांगायला नको. 'पेला पूर्वापार पद्धतीप्रमाणे चालू ठेवावा.' निर्णय बाईंना कळवायला पाळकसाहेब गेले. येताना त्यांच्या हातात आमचाच ठराव होता, लाल पेन्सिलीनं तपासलेला. शून्य. खाली लिहिलं होतं, 'मायाक्का पेल्यातून पिईल त्या दिवशी मी पिईन. तोवर नाही.'

आणि ही बाई आठ महिने प्याली नाही. शेवटच्या बाकावर मायाक्काला घेऊन बसायची. प्लास्टिकचा ट्रे आला की दोघी मान हलवायच्या. अख्खी मंडळी मागं वळून बघायची, आणि पुढं पेला घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडं कुणी बघायचं नाही. मीही गप्प बसणारा नव्हतो. माझा मोठा भोंगा मी शेवटच्या बाकाच्या डोक्यावर आणून बसवला. बाईंनी सगळ्यांच्या देखत कानांत कापूस घातला आणि प्रवचनात मोठ्यानं चुका काढायला सुरुवात केली, कारण आता त्यांना स्वतःचाही आवाज ऐकू येत नव्हता. दोन रविवारांत भोंगा मीच उतरवला.

मग लढाई व्हॉट्सॲपवर आली. बाईंकडं स्मार्टफोन नव्हता, मायाक्काकडं होता. मंडळीच्या ग्रुपवर रोज सकाळी चार-चार मिनिटांचे व्हॉइस मेसेज. मागं शेळ्या ओरडतायत, पुढं बाई. एक मेसेज मला अजून पाठ आहे. "पहिल्या मंडळीत होतं कोण? गुलाम, विधवा, हमाल. ज्यांच्या नावावर पुरायलाही जागा नव्हती. प्रेषितांनी त्यांना सांगितलं, तुम्ही वारस आहात. राजाच्या पोराइतके. एकेकटे नाही, सगळे सोबतीनं. आणि या वाटणीत वाटेकरी वाढला म्हणून वाटा कमी होत नाही. शम्या, तुझ्या वकिलाला विचार, असली वाटणी त्याला समजते का." मग शेळी. मग संपला.

मी खाली लिहिलं, 'वकिलाला विचारलं. तो म्हणाला, पेला सध्या कुणाच्या ताब्यात आहे? मी म्हणालो, माझ्या. तो म्हणाला, मग झालं तर.' त्याला बत्तीस जणांनी वर केलेला अंगठा टाकला. मी पणजोबांचा काठी घेऊन उभे असतानाचा जुना फोटोही टाकला. बाईंचं उत्तर आलं, "फोटो छान आहे. डोळे तुझ्यासारखे नाहीत. त्यांना लाजता येत होतं."

हे मला लागलं. इतकं लागलं, की त्या दिवशी एका लग्नाच्या वरातीत मी भलतंच गाणं लावलं आणि नवरदेवाची घोडी बिथरली.

जानेवारीत बाईंच्या छातीत पाणी झालं. इस्पितळातून आठ दिवसांत घरी पाठवलं, आता घरीच ठेवा म्हणून. पाळकसाहेब प्रभुभोजन द्यायला गेले, तो प्लास्टिकचा कप घेऊन. बाई म्हणाल्या, "हे खोकल्याच्या औषधाचं झाकण परत न्या." दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रुपवर नाही, माझ्या एकट्याच्या फोनवर मेसेज आला. आवाज ओळखू येईना. "शम्या, पेला घेऊन ये. भांडायला नाही. भांडण संपलेलं नाही, दम संपलाय."

बायको म्हणाली, "जाऊन या. म्हाताऱ्या माणसाची शेवटची इच्छा आहे."

"ही बाई शेवटची इच्छासुद्धा तीन वेळा तपासून घेईल," मी म्हणालो. पण गेलो. पेला मखमलीत गुंडाळून, छातीशी धरून, एका हातानं स्कूटर चालवत.

खोलीत बाई कॉटवर. उरलं होतं काय, तर उशीवर ठेवलेलं एक नाक आणि दोन डोळे. मायाक्का पायाशी बसून पाय चेपत होती. पाळकसाहेब स्टुलावर. त्यांनी प्रार्थना केली, भाकर मोडली, पेल्यात द्राक्षरस ओतला आणि पेला माझ्या हातात दिला. मी तो उचलून तोंडाकडं नेला. मुद्दाम नव्हे. आमच्या घराण्याचे हातच तसे वळलेत.

"थांब," उशीवरून आवाज आला. "तू शेवटी."

"बाई, पहिला घोट आमच्या घराचा असतो. पणजोबांपासून."

बाई हसल्या. त्या हसल्या की खोकला यायचा. तो थांबेपर्यंत मायाक्कानं त्यांना धरून ठेवलं. मग बाई बोलल्या, एकेका वाक्याला विसावा घेत.

"माझी आजी तेव्हा दहा वर्षांची. खिडकीत बसून बघत होती. तुझा पणजा पहिले तीन महिने आत आलाच नाही. बाहेर चपलांपाशी बसायचा. साहेब बोलवायचा, हा मान हलवायचा. आत वरच्या आळीतली तीन घरं होती. त्याला भीती, आपले ओठ लागले तर ती उठून जातील, आणि मंडळी मोडल्याचं पाप आपल्या माथी येईल. चौथ्या महिन्यात आत आला. सगळ्यांचं पिऊन झालं, पेला तळाला गेला, तेव्हा प्याला. सगळ्यात शेवटी."

मी म्हणालो, "खोटं आहे."

"ऐक. तो पेला खाली ठेवणार, तर वरच्या आळीतली एक म्हातारी उठली. तिचं आधी पिऊन झालं होतं. तिनं त्याच्या हातातून पेला घेतला आणि त्याच्या मागून परत प्याली. आत थेंब नव्हता. नुसते ओठ लावले." बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपल्या. "विटाळ शिवल्यानं लागतो म्हणून सगळं जग अंग चोरून चाललं होतं, शम्या. ही माणसं म्हणाली, नाही, पावित्र्य शिवल्यानं लागतं. त्या खोलीत ते लागलं. हा तुझा वारसा. तो कपाटात मावत नाही रे."

पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "ती म्हातारी कोणत्या घरातली, बाई?"

"ते सांगून गेली असती तर आज तिच्याही घरात एक कपाट असतं."

मग मायाक्का प्याली. मग बाई, मायाक्कानं पेला त्यांच्या ओठांना लावला, थोडं हनुवटीवर सांडलं. मग पाळकसाहेब, डोळे घट्ट मिटून. मग पेला माझ्याकडं आला. मी आयुष्यात वडिलांखेरीज कुणाच्या मागून प्यालो नव्हतो. घरातसुद्धा माझा तांब्या वेगळा. तळाशी घोटभर राहिलं होतं, कडेला बाईंच्या औषधाचा वास होता. ही गोष्ट मी ज्या कुणाला सांगतो त्याला वाटतं, आता मी म्हणणार, घंटा आपोआप वाजली, खोलीत उजेड पडला. मला सवयच आहे तशी. पण काही झालं नाही. मी प्यालो. गोड होतं. बाई माझ्याकडं बघत होत्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या हातात पेन्सिल नव्हती.

"मायाक्का, धुऊन ठेव गं," बाई म्हणाल्या. "तुझ्याकडं."

मी तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. पंचवीस वर्षांच्या साउंडच्या धंद्यात असा फॉल्ट मी पाहिला नाही.

"भांडं आहे ते," बाई मला म्हणाल्या. "तिच्याकडं राहील. लागेल तेव्हा मागून न्यायचं. तुमच्या घराण्याला मागायची सवय परत लागू दे."

रिकामी मखमल खिशात कोंबून मी घरी आलो. बायकोनं विचारलं, पेला कुठाय? मी म्हणालो, "डागडुजीला टाकलाय." दुसरं काय सांगणार? चुलतभावांनी विचारलं, त्यांनाही तेच सांगितलं. पंचांची सभा बोलवावी असं रोज सकाळी वाटायचं आणि बोलवायचं धाडस व्हायचं नाही. कारण सभेत मला विचारलं असतं, की पेला तू का दिलास, आणि मग ती पणजोबांची गोष्ट मला खरी सांगावी लागली असती. चारशे वेळा सांगितलेली गोष्ट चारशे एकाव्या वेळी बदलायची म्हणजे माणसाला केवढी छाती लागते!

बाई गुरुवारी गेल्या. अंत्यविधीची उपासना त्यांनी आधीच लिहून ठेवली होती आणि स्वतःच तपासलीही होती. गीतं तीन, लहान. प्रवचन दहा मिनिटं. शेवटी लाल अक्षरांत, 'शमुवेल बोलायला उठला तर तीन मिनिटं.' मी बोललो. ती चपलांपाशी बसलेल्या पणजोबांची गोष्ट सांगितली, साहेबाची टोपी न पाडता. तीन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली. कुणी अडवलं नाही, कुणी ओरडलं नाही. मी बोलता बोलता बाईंच्या जुन्या तिसऱ्या बाकाकडं बघत होतो. सतराव्या मिनिटाला मला स्वतःचाच आवाज ऐकवेना, म्हणून खाली बसलो.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार जवळ आला. प्रभुभोजन. शनिवारी मी पेला मागायला निघालो. मागायची सवय नाही, त्यामुळं शेडाभोवती तीन चकरा मारल्या. शेवटी शेळीनंच माझा शर्ट ओढला आणि मायाक्का बाहेर आली.

"पेला पाहिजे होता," मी म्हणालो. "उद्यासाठी."

"हाय की. या आत."

आत मांडणीवर चार स्टीलची ताटं, एक कळशी, दोन वाट्या, आणि त्यांच्यात उपडा घातलेला आमचा पेला. ओला. कडेवरून पाणी निथळत होतं. माझ्या काळजाचं काय झालं ते शब्दांत सांगायचं तर मला दुसरा एक भोंगा लागेल.

"हा... हा आत्ता वापरलास?"

"भंगारवाला आलता. पानी मागितलं त्यानं. ह्योच हाताला आला."

"मायाक्का!" मी किंचाळलो. शेळ्या उठून उभ्या राहिल्या. "या पेल्यात? भंगारवाल्याला? अगं, हा पेला काय आहे, त्यातून कोण प्यालंय, काही कळतं का तुला?"

तिनं पेला उचलला, पदरानं पुसला, माझ्या हातात दिला.

"तान लागली व्हती त्याला."